बारा शब्द, बावीस हजार आणि चोरीला गेलेला फोन

आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाचा फोन अंधेरी स्टेशनवर मारला गेला. संध्याकाळी साडेसहाची वेळ, बोरिवली स्लो, गर्दी नेहमीचीच. गाडीत चढला तेव्हा फोन खिशात होता, जोगेश्वरीला हात घातला तर नव्हता. पुढचे दोन दिवस रेल्वे पोलिसांकडे तक्रार, सिम ब्लॉक, नवीन सिम, बँकेत फेरी यात गेले. तिसऱ्या दिवशी यूपीआय सुरू झालं, व्हॉट्सॲप आलं, सबमिशनच्या नोट्ससुद्धा परत मिळाल्या. आलं नाही ते एकच. त्याचं क्रिप्टो.

दोन वर्षं शिकवण्या घेऊन साठवलेले बावीसेक हजार रुपये त्यानं इथरमध्ये टाकले होते. आधी ते एका एक्स्चेंजवर होते. मग कुठल्याशा रीलमध्ये त्यानं ऐकलं की एक्स्चेंजवर नाणी ठेवणं धोक्याचं, स्वतःचं वॉलेट घ्या. त्यानं घेतलं. वॉलेटनं सुरुवातीलाच बारा इंग्रजी शब्द दाखवले आणि 'हे कागदावर लिहून ठेवा' म्हणून सांगितलं. याने स्क्रीनशॉट काढला. तो गॅलरीत गेला. गॅलरीचा बॅकअप बंद होता, कारण गुगलचे फुकटचे १५ जीबी कधीच भरले होते. (आपल्यापैकी किती जणांचे भरलेत, खरं सांगा.)

आता खरी विचित्र गोष्ट. ते पैसे कुठेही गेलेले नाहीत. एक्स्चेंजच्या जुन्या व्यवहारांत त्याच्या वॉलेटचा पत्ता सापडला. इथरस्कॅनवर तो पत्ता टाकला की शिल्लक दिसते. आजही दिसते. तो बघू शकतो, मी बघू शकते, हे वाचणारं कुणीही बघू शकेल. फक्त हलवू कुणीच शकत नाही.

ही गोष्ट नीट कळली की वॉलेट निवडण्याचा अर्धा प्रश्न सुटतो. 'वॉलेट' हा शब्दच फसवा आहे. पाकिटात नोटा असतात तशी वॉलेटमध्ये नाणी नसतात. नाणी म्हणजे जगभरातल्या हजारो कम्प्युटरवर एकाच वेळी ठेवलेल्या वहीतली नोंद. सातबाऱ्यासारखं समजा. जमीन खिशात घेऊन कोणी फिरत नाही, कागदावर नाव असतं. इथे फरक एवढाच की नाव बदलायचं तर एक गुप्त चावी वापरून सही करावी लागते, आणि ती सही जमली नाही तर अर्ज घेऊन जायला तलाठी कार्यालय नाही. वॉलेट म्हणजे ही चावी सांभाळणारं आणि सही करणारं साधन. ते बारा शब्द म्हणजे चावीच, माणसाला लिहिता यावी अशा रूपात. २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, तिच्यातून हे बारा निवडले जातात. शक्य जुळण्यांची संख्या एकोणचाळीस आकडी भरते. म्हणजे अंदाजानं शोधून काढणं विसरा.

तेव्हा 'कुठलं ॲप चांगलं' हा नंतरचा प्रश्न. आधीचा प्रश्न, चावी कोणाकडे ठेवायची? एक्स्चेंजकडे ठेवली तर ते तुमच्या वतीनं सह्या करतात, तुम्हाला फक्त लॉगिन मिळतं. स्वतःकडे ठेवली तर सगळं तुमच्या हातात, चुकीसकट. रीलवाले दुसऱ्या बाजूचे असतात. त्यांचं घोषवाक्य पाठ असेलच, चावी तुझी नाही तर नाणंही तुझं नाही. हे खोटं नाही. पण माझ्या मते अर्धंच खरं आहे, आणि ते कसं हे समजायला मुंबईतलीच एक गोष्ट पुरते.

चार सह्या आणि एक खोटा पडदा

वझीरएक्स. निश्चल शेट्टी, समीर म्हात्रे आणि सिद्धार्थ मेनन यांनी २०१८ मध्ये सुरू केलेलं, मुंबईचं एक्स्चेंज. २०२१ च्या तेजीत आपल्यातल्या अनेकांच्या मोठ्या भावंडांनी पहिलं क्रिप्टो इथेच घेतलं. १८ जुलै २०२४ ला त्यांच्या एका वॉलेटमधून सुमारे २३.५ कोटी डॉलर, म्हणजे साधारण दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. ग्राहकांच्या एकूण मालमत्तेपैकी जवळजवळ ४५ टक्के. त्याच दिवशी पैसे काढणं बंद झालं.

हे वॉलेट काही गॅलरीतल्या स्क्रीनशॉटवर चालत नव्हतं. त्याला सहा सही करणारे होते, पाच वझीरएक्सचे आणि एक 'लिमिनल' या वॉलेट सांभाळायला मदत करणाऱ्या कंपनीचा. वझीरएक्सच्या तिघांनी आणि मग लिमिनलनं सही केली तरच व्यवहार पुढे जाणार. वझीरएक्सच्या त्या तिघांकडे 'लेजर'ची हार्डवेअर वॉलेट्स होती, म्हणजे चावी इंटरनेटपासून लांब. शिवाय ठरलेल्या पत्त्यांवरच नाणी जातील अशी यादी होती. सोसायटीच्या चेकवर एकापेक्षा जास्त पदाधिकाऱ्यांच्या सह्या लागतात, त्याहून कडक बंदोबस्त.

तरी नाणी गेली. वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार सही करणाऱ्यांना पडद्यावर दिसत होता एक व्यवहार आणि प्रत्यक्षात सही झाली दुसऱ्यावर. त्या दुसऱ्या व्यवहारानं वॉलेटचा ताबाच चोरांकडे दिला. एकदा ताबा गेला की पुढच्या चोऱ्यांना वझीरएक्सच्या सहीची गरजच उरली नाही. कोऱ्या कागदावर सही घेऊन वर मजकूर लिहावा, तसा प्रकार. कोणाच्या बाजूनं गडबड झाली? दोन्ही कंपन्यांनी आपापली तपासणी बाहेरच्या संस्थांकडून करून घेतली आणि दोघांनाही 'तुमच्याकडे घुसखोरीचा पुरावा नाही' अशा अर्थाचे अहवाल मिळाले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियानं संयुक्त निवेदन काढून या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं म्हटलं. पुढच्याच महिन्यात 'बायबिट' या परदेशी एक्स्चेंजमधून सुमारे दीड अब्ज डॉलर गेले. तिथेही सही करणाऱ्यांना पडद्यावर सगळं नेहमीसारखंच दिसत होतं.

चोरी झाली ती एका दिवसात. ग्राहकांचं जे झालं ते पुढचे पंधरा महिने चालू होतं, आणि मला वाटतं विद्यार्थ्यांनी चोरीपेक्षा हा भाग जास्त नीट वाचावा.

चोरीला गेली ती इथेरियमवरच्या एका वॉलेटमधली नाणी. बिटकॉइन किंवा एक्सआरपी घेतलेल्यांची नाणी त्या वॉलेटमध्ये नव्हतीच. पण काही दिवसांत कंपनीनं योजना मांडली ती सगळ्यांनी मिळून तोटा सोसण्याची. ५५ टक्के वापरता येतील, ४५ टक्के अडकून राहतील, तुमचं नाणं चोरीला गेलेलं असो वा नसो. आरडाओरडा झाल्यावर ती मागे पडली. मग प्रकरण सिंगापूरच्या हायकोर्टात गेलं. सिंगापूर का? कारण वझीरएक्सची 'झेटाई' ही मूळ कंपनी तिथली. भारतात 'झनमाई लॅब्स'. त्याआधी २०१९ मध्ये बायनान्सनं वझीरएक्स विकत घेतल्याची घोषणा झाली होती, आणि ऑगस्ट २०२२ मध्ये बायनान्सच्या प्रमुखानं जाहीर सांगितलं की तो व्यवहार कधी पूर्णच झाला नाही. म्हणजे एक्स्चेंज नेमकं कोणाचं, यावर त्याचे मालकच सोशल मीडियावर भांडत होते, आणि तेव्हाही लोक त्यावर नाणी ठेवत होते.

भारतातले काही ग्राहक सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयानं हा धोरणाचा विषय असल्याचं सांगून याचिका ऐकायला नकार दिला. सिंगापूरमध्ये ग्राहकांनी नव्वद टक्क्यांहून जास्त मतांनी पुनर्रचनेची योजना मान्य केली, तर जूनमध्ये कोर्टानं ती फेटाळली. सुधारून पुन्हा मतदान. ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजुरी, आणि २४ ऑक्टोबरला एक्स्चेंज परत सुरू. भरून न निघालेल्या तुटीसाठी ग्राहकांच्या खात्यात 'रिकव्हरी टोकन' आले, ज्यांचे पैसे कंपनी पुढे कमावेल तसे मिळायचे आहेत.

मधल्या काळात बाजार थांबला नव्हता. डिसेंबर २०२४ मध्ये बिटकॉइननं पहिल्यांदा एक लाख डॉलरचा टप्पा ओलांडला. हॅकच्या वेळी साठ सेंटच्या आसपास असलेलं एक्सआरपी जानेवारी २०२५ मध्ये तीन डॉलरच्या वर गेलं. अडकलेल्या ग्राहकाला आपलं नाणं ॲपमध्ये दिसत होतं. विकता येत नव्हतं, हलवता येत नव्हतं. आमच्या मित्रासारखंच, फक्त याच्या बाबतीत चूक त्याची नव्हती.

एका ग्राहकानं मात्र हे सोडलं नाही. चेन्नईच्या एका महिलेनं जानेवारी २०२४ मध्ये १,९८,५१६ रुपयांचं एक्सआरपी घेतलं होतं. माझं नाणं चोरीलाच गेलेलं नाही, मग मी तोटा का सोसू, असा तिचा सरळ प्रश्न. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास हायकोर्टानं तिला अंतरिम संरक्षण दिलं आणि म्हटलं, क्रिप्टो ही मालमत्ता आहे, ती दुसऱ्याच्या वतीनं विश्वस्त म्हणून सांभाळता येते. आपल्याकडे क्रिप्टोसाठी वेगळा कायदा नाही, त्यामुळे हा निकाल महत्त्वाचा. एक्स्चेंजवर ठेवलेलं नाणं तुमचं की त्यांनी तुमचं देणं लागलेला आकडा, हा वाद त्यानं निदान कोर्टाच्या भाषेत आणला.

उपनगरात राहणाऱ्यांना ही परिस्थिती तशी नवी नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये भांडुपला मुख्यालय असलेल्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून फक्त हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या अंधेरीतल्या शाखेबाहेर तशीच रांग लागली. रांगेतले बरेचसे आपल्या आजी-आजोबांच्या वयाचे. पण त्या रांगेच्या पाठीमागे काहीतरी होतं. पाच लाखांपर्यंत ठेव विमा, रिझर्व्ह बँक, आणि शेवटी दुसऱ्या बँकेत विलीनीकरण. क्रिप्टोला यातलं काहीही नाही. एक्स्चेंज सरकारच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे, म्हणजे एफआययूकडे नोंदलेलं असतं, पण ती नोंदणी मनी लाँडरिंग रोखण्यासाठी आहे, तुमची ठेव वाचवण्यासाठी नाही. 'एफआययू रजिस्टर्ड' हा शिक्का बघून निर्धास्त होणारे माझ्या वर्गात तरी भरपूर आहेत.

सगळी एक्स्चेंज सारखीच बुडतात असंही नाही. बरोब्बर एक वर्ष एक दिवसानं, १९ जुलै २०२५ ला, कॉइनडीसीएक्समधून सुमारे ४.४ कोटी डॉलर गेले. ते कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाच्या खात्यातले होते, ग्राहकांची नाणी वेगळ्या कोल्ड वॉलेटमध्ये होती आणि नुकसान कंपनीच्या तिजोरीतून भरलं जाईल, असं कंपनीनं जाहीर केलं. चोर दोन्हीकडे घुसले. फरक पडला तो कोणाची नाणी कुठे ठेवली होती याने.

चावी माणसाच्या हातात

आता दुसरी बाजू. पुण्यातल्या 'गेनबिटकॉइन' घोटाळ्यात गुंतवणूकदारांना दरमहा १० टक्के परताव्याचं आमिष होतं. २०१८ मध्ये गुन्हे दाखल झाले. आरोपींची वॉलेट्स उघडायला पोलिसांनी दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली, त्यातला एक माजी आयपीएस अधिकारी. मार्च २०२२ मध्ये पुणे पोलिसांनी या दोन तज्ज्ञांनाच अटक केली. आरोप असा की तपासात हाती आलेल्या वॉलेटमधली काही बिटकॉइन त्यांनी स्वतःकडे वळवली आणि पोलिसांना फेरफार केलेले स्क्रीनशॉट दिले. त्याच महिन्यात याच घोटाळ्यातल्या आरोपीला सर्वोच्च न्यायालयानं वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्यायला सांगितलं. विचार करा, बँक खातं असतं तर एका पत्रानं गोठवता आलं असतं. इथे देशातल्या सर्वोच्च न्यायालयालाही चावी मागावी लागते. आणि एकदा कुणी चावी बघितली की ती त्याचीही झाली. बारा शब्द 'परत घेता' येत नाहीत.

म्हणून 'मला सेटिंग जमत नाही, तू करून दे' म्हणत मित्राच्या हातात फोन देणारे मला धाडसी वाटतात.

चावी एकाच माणसाकडे असली की दुसरं टोक. क्वाड्रिगा या कॅनडाच्या एक्स्चेंजचा संस्थापक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८ मध्ये जयपूरला वारला. कंपनीनं सांगितलं, पासवर्ड फक्त त्यालाच माहीत होते. नंतर कॅनडातल्या तपासात निघालं की बराचसा पैसा त्यानं आधीच उडवला होता. पण ग्राहकांना पटलेली पहिली गोष्ट हीच, एक माणूस गेला आणि चावी गेली. आणि ब्रिटनमधल्या न्यूपोर्टचा तो जेम्स हॉवेल्स. सुमारे आठ हजार बिटकॉइनची चावी असलेली हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. ती शोधायला कचराभूमी उकरू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला, जानेवारी २०२५ मध्ये कोर्टानं दावा फेटाळला. मुलुंड-कांजूरच्या वाचकांना वेगळं सांगायला नको, डंपिंग ग्राउंडमध्ये काही शोधणं म्हणजे काय.

मग घ्यायचं कुठलं?

सगळ्यात आधी आपली रक्कम बघा. मुळात हे पैसे बुडाले तर फी भरता येईल का, हा प्रश्न वॉलेटच्या आधीचा आहे आणि तो मी इथे सोडून देते. पाच-दहा हजारांचं क्रिप्टो असेल तर हार्डवेअर वॉलेट घेऊ नका. चांगलं उपकरण पाच-सात हजारांपासून पुढे मिळतं. सायकलपेक्षा महाग कुलूप कोण घेतं? एवढ्या रकमेला नोंदणीकृत एक्स्चेंजसुद्धा चालेल, मात्र करार कोणत्या कंपनीशी होतोय आणि वाद झाला तर कुठल्या देशातल्या कोर्टात, या दोन ओळी नियम-अटींमध्ये शोधून वाचा. वझीरएक्सच्या ग्राहकांना त्या ओळी सिंगापूरच्या तारखा पडू लागल्यावर सापडल्या. ग्राहकांची नाणी कंपनीच्या पैशांपासून वेगळी ठेवतात का, कोणाकडे ठेवतात, हेही बघा. लॉगिनसाठी एसएमएसवरचा ओटीपी पुरेसा मानू नका, ऑथेंटिकेटर ॲप लावा. बनावट कागदपत्रांवर दुसऱ्याच्या नावाचं सिम काढून ओटीपी पळवणं हा आता जुना धंदा झाला.

त्याहून जास्त रक्कम असेल, किंवा चावी स्वतःकडेच हवी असेल, तर मेटामास्क किंवा ट्रस्ट वॉलेटसारखं फोनवरचं वॉलेट. नाव कुठलंही घ्या, ॲप स्टोअरमध्ये शोधून पहिलं दिसेल ते नको. हुबेहूब लोगोची खोटी ॲप्स सापडत आली आहेत. कंपनीच्या अधिकृत साइटवरच्या लिंकनं जा. तुमचं नाणं ज्या नेटवर्कवर आहे ते नेटवर्क त्या वॉलेटला चालतं का हे तपासा. ट्रॉन नेटवर्कवरचं यूएसडीटी आणि इथेरियमवरचं यूएसडीटी नावानं एकच, रस्ते वेगळे. चर्चगेटची गाडी पकडून ठाण्याला उतरता येत नाही. पहिल्यांदा पाठवताना दोनशे रुपयांचंच पाठवा, पोचलं की उरलेलं. फी दोनदा जाते, जाऊ दे.

आणि आता ते बारा शब्द. माझ्या मते वॉलेटची खरी परीक्षा एकच आहे आणि ती ॲपची नाही, तुमची आहे. नवीन वॉलेट उघडा, शब्द कागदावर लिहा, दोनशे रुपयांचं नाणं टाका. मग ॲप सरळ डिलीट करा. आता कागद बघून परत सुरू करा. शिल्लक दिसली, तर मोठी रक्कम टाकायला तुम्ही तयार. नाही दिसली, तर दोनशे रुपयांत धडा मिळाला. आमच्या मित्रानं हे केलं असतं तर पहिल्याच संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं असतं की आपल्याकडे कागदच नाही.

स्क्रीनशॉट का नाही, याला चोरीच्या फोनपलीकडेही कारण आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी 'स्पार्ककॅट' नावाचा मालवेअर उघड केला. गुगल प्ले आणि ॲपलच्या ॲप स्टोअरवरच्या साध्या दिसणाऱ्या ॲप्समध्ये तो होता. गॅलरीची परवानगी मिळाली की तो फोटोंमधला मजकूर वाचायचा आणि असे शब्द दिसले की बाहेर पाठवायचा. स्वतःलाच केलेला व्हॉट्सॲप मेसेज, मेलमधला ड्राफ्ट, नोट्स ॲप, सगळं त्याच माळेतलं. २०२२ मध्ये लास्टपास या पासवर्ड सांभाळणाऱ्या कंपनीचा डेटा चोरीला गेला. ज्यांनी तिथल्या नोट्समध्ये हे शब्द ठेवले होते त्यांची क्रिप्टो वॉलेट्स रिकामी होण्याचे प्रकार नंतर कित्येक महिने उजेडात येत राहिले.

कागदच. पण मुंबईत कागदालाही शत्रू आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा माझी पिढी पाळण्यातून नुकतीच उतरली होती, पण तळमजल्यावरच्या घरांत दाखले, रेशनकार्ड, पासबुकं कशी भिजली हे आपण सगळ्यांनीच ऐकलंय. म्हणून दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत, आणि एक तरी वरच्या मजल्यावर. शब्द कोरायला स्टीलच्या पट्ट्याही मिळतात. शब्दांचा क्रम महत्त्वाचा, आकडे घालून लिहा. आणि हे शब्द कुणी मागितले, टेलिग्रामवरचा 'सपोर्ट' असो, 'वॉलेट व्हेरिफाय करा' म्हणणारी साइट असो, तो चोर आहे. याला अपवाद मला तरी सापडला नाही.

फोनवरच्या वॉलेटचा आणखी एक धोका आहे, त्याकडे कमी लक्ष जातं. फुकट टोकन मिळतील म्हणून एखाद्या साइटला वॉलेट जोडलं आणि घाईत 'ॲप्रूव्ह' दाबलं, तर चावी न देताही नाणी उचलायची परवानगी दिली जाऊ शकते. प्रयोगांसाठी वेगळं वॉलेट ठेवा, त्यात वडापावपुरते पैसे. लोकलमध्ये आपण सुटे वरच्या खिशात आणि नोटा आतल्या खिशात ठेवतो, तसंच.

हार्डवेअर वॉलेट लाखभराच्या पुढे असेल तर. लेजर, ट्रेझर ही त्यातली जुनी नावं. यात चावी त्या उपकरणातून बाहेर पडत नाही, सही आतच होते. थेट कंपनीकडून किंवा तिच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. सेकंडहँड नाही, 'सील फुटलंय म्हणून स्वस्त' नाही. डब्यात आधीच बारा किंवा चोवीस शब्द छापून आले असतील तर ते शब्द दुसऱ्याकडेही आहेत, वापरू नका. २०२० मध्ये लेजरच्या सुमारे २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, पत्ते आणि फोन नंबर फुटले होते आणि नंतर काहींच्या घरी चक्क नकली उपकरणं पोस्टानं पोचली. उपकरण अभेद्य असेल, पार्सलवरचा पत्ता नसतो. आणि वझीरएक्सच्या सही करणाऱ्यांकडेही हीच उपकरणं होती हे विसरू नका. छोट्या पडद्यावर पत्ता आणि रक्कम स्पष्ट दिसत नसेल, नुसतीच अगम्य अक्षरं असतील, तर सही करायची नाही. तिथे त्यांची घाई झाली की आणखी काही, ते तपास सांगेल. तुम्हाला कोणी घाई करत नाहीये.

कराचं थोडक्यात, कारण हे बहुतेकांना माहीत आहे असं वाटतं आणि नसतं. नफ्यावर सरसकट ३० टक्के, विक्रीवर १ टक्का टीडीएस, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा नाही. एक्स्चेंजवरून स्वतःच्या वॉलेटमध्ये नाणी नेणं म्हणजे विक्री नव्हे, पण कधी, किती, कोणत्या भावाला घेतली होती याची नोंद तुम्हालाच ठेवावी लागते, कारण स्वतःच्या वॉलेटला स्टेटमेंट पाठवणारी बँक नसते. आणि वॉलेटमधलं यूएसडीटी टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला विकून खात्यात पैसे घ्यायच्या भानगडीत पडू नका. ते पैसे कुणाच्या तरी सायबर फसवणुकीतले निघाले की पहिलं गोठतं ते तुमचं खातं, ज्यात स्कॉलरशिप येते.

एक प्रश्न मी ज्यांना विचारला त्यातल्या एकालाही नीट उत्तर देता आलं नाही. उद्या तुला काही झालं तर घरच्यांना हे मिळेल का? बँकेत नॉमिनी असतो. बारा शब्दांना नसतो. आईला शब्द सांगायचे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण असं काहीतरी आहे आणि कागद अमुक पाकिटात आहे, एवढं तरी कुणाला माहीत हवं.

आमच्या मित्रानं दिवाळीनंतर नवीन वॉलेट उघडलं. ॲप दोनदा डिलीट करून परत आणलं, मी समोर बसले होते. एक कागद घरी आहे, दुसरा मुलुंडला आजीच्या कपाटात, तिच्या एफडीच्या पावत्यांसोबत. आजीनं विचारलं, हे इंग्रजी शब्द कसले. तो म्हणाला, पासबुक आहे. जुन्या पत्त्यावरची शिल्लक तो अजूनही मधूनमधून बघतो. इथरचा भाव वर गेला की ती रक्कमही वाढलेली दिसते.